चोवीस कड्या आणि एक कडी

एका वाचक ताईंचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

“मी 41 वर्षांची, सोलापूरजवळच्या एका शाळेत शिक्षिका आहे. सहा-सात वर्षं झाली, मला तिसऱ्या दिवशी शौचाला होतं, कधी चौथ्या. रोज रात्री चूर्ण घेते, त्याशिवाय होतच नाही. मोबाइलवर वाचून मक्याचा प्रयोग केला. रविवारी संध्याकाळी सातला कणीस खाल्लं, दाणे बुधवारी सकाळी सातला दिसले. म्हणजे साठ तास! आता डॉक्टरांनी ‘कोलॉनिक ट्रान्झिट स्टडी’ सांगितली आहे. बारीक कड्या भरलेली कॅप्सूल गिळायची आणि नंतर एक्स-रे काढायचा. सासरे म्हणतात, रोज कोठा साफ झाला नाही की अंगात विष भिनतं. हे म्हणतात, आतड्याचा वेग मोजून काय करायचंय, शर्यत आहे का? माझं आतडं झोपलंय का हो? तपासणी करू का? कड्या आतच अडकल्या तर? (बसलं की अर्धा-अर्धा तास जातो, कुंथावं लागतं, आणि झालं तरी काहीतरी दाराशीच राहिल्यासारखं वाटतं. शाळेत तर प्रश्नच नाही, तिथल्या बायकांच्या संडासाला कडी नाही.)”

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची दोन वाक्यं तुम्ही कंसात टाकलीत. त्यांच्याकडे येते. आधी मका, कारण तो प्रयोग मला मनापासून आवडला.

मक्याच्या दाण्याचं साल माणसाला पचत नाही, ते गेलं तसं बाहेर येतं. म्हणून खूण म्हणून दाणा चांगलाच. काही जण बीट खाऊन पाहतात. (बीटानं कधीकधी लघवीही लाल होते. रक्त समजून रात्री अकराला फोन करणारे मला दर वर्षी एक-दोन तरी भेटतात.) पण तुमच्या साठ तासांत एक खोट आहे. तुम्ही बुधवारी सकाळी गेलात, म्हणून दाणे बुधवारी सकाळी दिसले. ते मंगळवारी दुपारीच खाली येऊन बसले असतील, तर तुम्हाला ते कळणार कसं? गावातली टपालपेटी तीन दिवसांतून एकदा उघडत असेल, तर पेटी उघडल्याच्या वेळेवरून पत्र कधी पडलं ते सांगता येत नाही. तुमच्या घड्याळाचा काटाच तीन दिवसांनी एकदा हलतो. त्यावर मिनिटं मोजायची नाहीत.

दुसरं म्हणजे, मोजायचं कुठपर्यंत? पहिला दाणा दिसेपर्यंत की शेवटचा जाईपर्यंत? सगळे दाणे पंगतीतल्या पानांसारखे एकामागून एक येत नाहीत. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात आजचं जेवण कालच्यात मिसळतं, थोडं पुढे सरकतं, थोडं मागे येतं. एकाच कणसाचे दाणे दोन-तीन खेपांना विभागून बाहेर पडणं अगदी नेहमीचं आहे.

लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या मंडळींनी हाच खेळ नीट मांडून केला. त्यांनी 860 हून अधिक निरोगी माणसांना खायचा गडद निळा रंग घातलेले मफिन दिले आणि शौचाला निळं कधी दिसतं त्याची नोंद ठेवायला सांगितली. 2021 साली ते प्रसिद्ध झालं. मधला आकडा आला साधारण 29 तास. पण काहींना चौदा तासांच्या आत निळं दिसलं आणि काहींना दोन दिवस उलटून गेल्यावर. हे सगळे धडधाकट लोक होते, हे लक्षात ठेवा.

हा वेळ जातो कुठे? जेवण जठरात काही तास राहतं. लहान आतडं सहा-सात मीटर लांब, पण ते काम उरकतं: तेही काही तासांचंच. खरा मुक्काम मोठ्या आतड्यात. जेमतेम दीड मीटरचा रस्ता आणि प्रवासाचा बहुतेक वेळ तिथेच खर्च होतो. याला आळस म्हणू नका. रोज सुमारे दीड लिटर पातळ ऐवज तिथे उतरतो. त्यातलं बहुतेक पाणी आणि मीठ आतडं परत अंगात घेतं आणि उरतं ते शंभर-दोनशे मिलिलिटर पाण्याचा अंश असलेलं. घाई झाली की पाणी राहून जातं, त्याला आपण जुलाब म्हणतो. फार रेंगाळलं की पाणी जास्तच शोषलं जातं आणि खडे होतात.

म्हणूनच वेग जाणून घ्यायचा असेल तर “किती दिवसांनी जाता?” यापेक्षा “कसं होतं?” हा प्रश्न जास्त कामाचा. ब्रिस्टल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी शौचाचे सात प्रकार पाडले: पहिला सुटे कडक खडे, चौथा मऊ, गुळगुळीत, केळासारखा, सातवा निव्वळ पाणी. 1997 साली त्यांनी 66 माणसांना खुणेच्या गोळ्या गिळायला देऊन हे पडताळून पाहिलं. औषधानं आतड्याचा वेग वाढवला आणि कमी केला, तसतसा प्रकारही बदलत गेला. वेगाशी जवळचं नातं निघालं ते या रूपाचं, फेऱ्यांच्या संख्येचं नव्हे. तुम्ही तिसऱ्या दिवशी जाता एवढंच लिहिलंत. खडे असतात की मऊ असतं, ते लिहिलं नाहीत. तिसऱ्या दिवशी मऊ आणि तरी अर्धा तास कुंथणं, ही एक गोष्ट. तिसऱ्या दिवशी बकरीच्या लेंड्यांसारखे खडे, ही वेगळी. आठ-दहा दिवस वहीत एवढं टिपा: तारीख, वेळ, प्रकार एक ते सात, कुंथावं लागलं का. डॉक्टरांना ही वही तुमच्या साठ तासांपेक्षा खूप जास्त सांगेल.

आता कड्यांची तपासणी.

आतड्यातून ऐवज किती वेगानं सरकतो हे पाहण्याचा उद्योग जुना आहे. 1924 साली अमेरिकेतल्या वॉल्टर अल्वारेझ आणि फ्रीडलँडर या दोघांनी निरोगी माणसांना काचेचे बारीक मणी गिळायला लावले आणि मग ते रोज किती बाहेर आले ते मोजलं. मोजलं कसं, ते तुम्हीच कल्पना करा. त्यातून समजलं ते एवढंच, की रोज नेमानं जाणाऱ्या माणसांचेही मणी फार वेगवेगळ्या गतीनं येतात. रोज जातो म्हणजे आजचंच आज जातं, असं नसतं. परवाचंही आज जात असेल, गाडी फक्त वेळेवर सुटते.

पुढे क्ष-किरणांत दिसणाऱ्या प्लास्टिकच्या खुणा आल्या, मणी शोधण्याचं काम सुटलं. 1969 साली लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या हिंटन, लेनर्ड-जोन्स आणि यंग यांनी ही पद्धत बसवली. निरोगी माणसाच्या आतड्यातून ऐंशी टक्के खुणा पाच दिवसांत बाहेर पडतात, असं त्यांना आढळलं. तीन वर्षांनी डेनिस बर्किट हे सर्जन असल्याच खुणा घेऊन आफ्रिकेत आणि इंग्लंडमध्ये फिरले. युगांडातल्या खेड्यांत कंद, केळी, धान्यं खाणाऱ्यांना साधारण दीड दिवस लागत होता. ब्रिटिश नौदलाच्या लोकांना तीन दिवसांहून जास्त, आणि त्यांच्या शौचाचं वजन खेड्यातल्या लोकांच्या जेमतेम पाव. कोंड्याला जगभर जे महत्त्व आलं त्यात या कामाचा मोठा वाटा. बर्किटनी त्यावरून इतर रोगांबद्दल जी अनुमानं काढली, ती सगळीच टिकली नाहीत. तो विषय वेगळा.

तुम्हाला देतील ती कॅप्सूल बहुधा चोवीस कड्यांची असेल. आत बारीक, एक्स-रेत पांढऱ्या दिसणाऱ्या कड्या. साधी पद्धत अशी: एका दिवशी गिळायची, नेहमीसारखं जेवायचं, पाचव्या दिवशी पोटाचा एक एक्स-रे. पाचांहून जास्त कड्या आत राहिल्या, म्हणजे वीस टक्क्यांहून जास्त, तर वेग मंद. सेंट मार्क्सचाच नियम, उलट्या बाजूनं वाचलेला.

दुसरी पद्धत मला जास्त देखणी वाटते, कारण तिच्यात एसटीच्या आगाराचं गणित आहे. समजा आगारात दर तासाला एक गाडी शिरते, आणि तुम्ही कधीही डोकावलं तरी आत 35 गाड्या उभ्या दिसतात. तर एक गाडी सरासरी किती वेळ आत थांबते? पस्तीस तास. गाडीचा पाठलाग करायला नको, तिकीट तपासायला नको, फक्त आतल्या गाड्या मोजायच्या. तसंच, सलग तीन दिवस रोज चोवीस कड्या घ्यायच्या, म्हणजे तासाला एक असा हिशोब पडतो. मग चौथ्या दिवशी एक्स-रे. आत जितक्या कड्या, तितके तास. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या मेटकाफ आणि सहकाऱ्यांनी 1987 साली ही पद्धत मांडली. निरोगी माणसांत सरासरी 35 तासांच्या आसपास निघाली. सगळ्याच कड्या चौथ्या दिवशी आत असतील तर आगार भरलेलं, मग सातव्या दिवशी आणखी एक फोटो. शिवाय मणक्याची आणि कमरेच्या हाडांची सावली धरून पोटाचे तीन भाग करतात, उजवा, डावा आणि खालचा, आणि कुठल्या भागात किती कड्या आहेत तेही मोजतात. तुमच्यासाठी या वाक्याला महत्त्व आहे. पुढे सांगते.

एक गोष्ट डॉक्टरांना जरूर विचारा: एक्स-रे कधी काढणार? हे सगळे आकडे पाश्चात्त्य पोटांचे आहेत. आपल्याकडे आतड्याचा वेग एकूण जास्त, त्यामुळे त्यांच्या वेळापत्रकानं फोटो काढला तर पुष्कळ निरोगी माणसांचं पोट रिकामंच दिसतं आणि कोण थोडा मंद, कोण नाही, हे कळत नाही. लखनौच्या संजय गांधी संस्थेतल्या डॉ. घोषाल आणि सहकाऱ्यांनी म्हणून 2007 साली वेगळी रीत सुचवली: बारा-बारा तासांनी तीनदा वीस-वीस कड्या, आणि एक्स-रे 36 आणि 60 तासांनी. तुमच्याकडे कुठली रीत वापरतात ते आधीच माहीत असलेलं बरं. ज्या रीतीनं कड्या दिल्या, त्याच रीतीच्या आकड्यांशी निकाल ताडायचा असतो.

कड्या अडकतील का? मोठ्या आतड्यात कुठे अडथळा नसेल तर नाही. त्या विरघळत नाहीत, टोचत नाहीत, शौचावाटे निघून जातात, तुम्हाला दिसणारही नाहीत. शोधू नका. अडथळ्याची शंका असेल तर डॉक्टर ही तपासणी सांगतच नाहीत. दिवस गेल्याची जराही शक्यता असेल तर मात्र एक्स-रेआधी सांगा.

तर तपासणी निरुपद्रवी आहे. पण करायची का? इथे कंस उघडते.

मोठं आतडं म्हणजे एक लांब गल्ली आणि शेवटी एक दार. बद्धकोष्ठ दोन कारणांनी होतं: गल्लीत गर्दी पुढे सरकत नाही, किंवा गर्दी दाराशी वेळेवर पोहोचते आणि दारच उघडत नाही. कुंथताना गुदद्वाराभोवतीचे आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडायला हवेत. काहींचे नेमके त्याच वेळी आवळले जातात. माणूस एका हातानं दार ढकलतो आणि दुसऱ्या हातानं धरून ठेवतो. हे मुद्दाम होत नाही, बहुतेकांना कळतही नाही. अर्धा तास बसणं, कुंथणं, झालं तरी दाराशी काहीतरी राहिल्याची भावना: ही दाराची लक्षणं. “दाराशीच” हा शब्दही तुमचाच, मी घातलेला नाही. कधी बोटानं मदत करावी लागते का? लागत असेल तर डॉक्टरांना सांगा. बायका हे वीस-वीस वर्षं कुणाला सांगत नाहीत, आणि त्या एका वाक्यानं निदान सोपं होतं.

हे दुर्मीळ नाही. मेयो क्लिनिकनं 1997 साली बद्धकोष्ठासाठी आलेल्या हजारभर रुग्णांच्या तपासण्या एकत्र मांडल्या. 59 टक्के लोकांचा वेग अगदी ठीक होता. 25 टक्क्यांची अडचण दाराची. नुसतं आतडं मंद असलेले 13 टक्के, आणि दोन्ही असलेले 3. म्हणजे “माझं आतडं झोपलंय” म्हणत येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं आतडं जागंच होतं.

आणि दार बंद असेल तर गल्लीतली गर्दीही मागे साचत जाते. अशा वेळी कड्या मोजल्या तर वेग मंद निघेल, कागदावर “स्लो ट्रान्झिट” छापून येईल, आणि मग वर्षानुवर्षं गल्लीत ढकलण्याची औषधं चालू राहतील. कड्या तळाशी गोळा झालेल्या दिसल्या तर दाराचा संशय येतो हे खरं, पण तेवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून क्रम असा हवा: आधी दार, मग रस्ता.

दाराची पहिली तपासणी पाच मिनिटांची. डॉक्टर हातमोजा घालून बोटानं तपासतात, तुम्हाला कुंथायला सांगतात आणि स्नायू सैल पडतात की आवळतात ते पाहतात. तुमच्या पत्रात चार डॉक्टर, दोन वैद्य आणि एक सोनोग्राफी आहे. ही तपासणी कुठेच नाही. संकोच दोन्ही बाजूंनी असतो: रुग्ण म्हणत नाही, डॉक्टर विचारत नाही. बाई डॉक्टर हव्या असतील तर तसं मागा, त्यात काही वावगं नाही. शंका राहिली तर पुढे दोन चाचण्या असतात. बारीक नळी घालून दाराचा दाब मोजतात. आणि छोट्या फुग्यात 50 मिलिलिटर पाणी भरून तो बाहेर टाकायला सांगतात. एक-दोन मिनिटांत टाकता आला तर दार बहुधा ठीक. ऐकायला विचित्र वाटतं, पण दुखत नाही.

दाराचाच दोष निघाला तर उपाय चूर्ण नाही, शिकवणी आहे. बायोफीडबॅक म्हणतात. पडद्यावर स्वतःच्या स्नायूंचा दाब बघत बघत तो सैल कसा सोडायचा ते काही बैठकांत शिकवतात. तुम्ही मुलांना अक्षर गिरवायला शिकवता तसंच. बऱ्याच जणांना यानं गुण येतो.

आता शाळेची गोष्ट. मोठं आतडं दिवसातून काही वेळाच मोठा जोर लावतं, आणि त्याच्या आवडत्या वेळा ठरलेल्या: जाग आल्यावर आणि जेवण-नाश्त्यानंतर. जठरात अन्न पडलं की खाली निरोप जातो. सकाळी चहा घेतला की कळ येते ती याच निरोपामुळे. त्यात चहाची काही खास जादू नाही. तुमची शाळा सातची. म्हणजे साडेपाचला उठून, चहा उभ्यानंच, डबे, आणि सहा-चाळीसची बस. कळ येते ती बहुधा बसमध्ये किंवा पहिल्या तासाला. आणि तिथल्या संडासाला कडी नाही.

1990 साली जर्मनीत बारा तरुणांवर एक प्रयोग झाला. त्यांना सांगितलं, एक आठवडा कळ आली की दाबून धरा. धडधाकट मुलं, आतडी उत्तम. आठवडाभरात त्यांच्याही मोठ्या आतड्याचा वेग मंदावला, आणि नुसता खाली नाही, उजवीकडे वरच्या टोकालाही. शोधनिबंधाच्या नावातच प्रश्न होता: बद्धकोष्ठ शिकता येतं का? तुम्ही हे किती वर्षं शिकताय? सहा-सात वर्षं त्रास म्हणता, आणि या शाळेत बदली होऊन आठ वर्षं झाली असंही पत्रात आहे. हे मी पुरावा म्हणून सांगत नाही, पण माझा संशय इथे आहे.

म्हणून तपासणीच्या तारखेआधीच एक करून बघा. पंधरा-वीस मिनिटं लवकर उठा, काहीतरी खा, नुसता चहा नको, शिळी भाकरी-दूधही चालेल, आणि खाल्ल्यावर दहा मिनिटं बसा. त्याहून जास्त नको, मोबाइल नको. कळ आली नाही तर उठा. घरी कमोड असेल तर पायाखाली वीतभर उंच पाट घ्या, गुडघे कमरेच्या वर यायला हवेत. उकिडवं बसल्यावर गुदाशयाची वाकडी वाट सरळ होते, देशी संडासाचा हा फायदा खरा आहे. घरातल्यांना सांगा की ती दहा मिनिटं तुमची. डबा यांना भरता येतो.

सासऱ्यांच्या विषाबद्दल. ते एकटे नाहीत. शंभर वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेतले मोठमोठे डॉक्टर हेच म्हणत. लंडनचे सर्जन अर्बुथनॉट लेन तर हे विष टाळायला लोकांची मोठी आतडीच कापून काढत. त्याला उत्तर दिलं ते मण्यांवाल्या अल्वारेझनी. त्यांचा मुद्दा साधा होता: शौचाला झालं की जड डोकं, मरगळ काही मिनिटांत जाते. विष रक्तात भिनलेलं असतं तर ते इतक्या लवकर उतरलं नसतं. 1922 साली डोनाल्डसन नावाच्या डॉक्टरांनी त्याची परीक्षाच घेतली. काही निरोगी माणसांच्या गुदाशयात कापूस भरला. डोकं जड, जीव घाबरा, चिडचिड, सगळी “विषबाधा” झाली. कापूस काढला, बरं वाटलं. कापसात विष कुठून आलं? त्रास होता तो ताणाचा. हे सासऱ्यांना सांगा, पण जेवताना नको. आणि त्यांना एवढंही सांगा की ब्रिस्टलच्याच डॉक्टरांनी 1992 साली तिथल्या लोकांच्या सवयी पाहिल्या, तेव्हा चोवीस तासांनी नेमानं जाणारे पुरुष 40 टक्के आणि बायका 33 टक्केच निघाल्या. आपल्याकडे रोज जाणारे जास्त, हे मान्य. पण “कोठा” माणसागणिक वेगळा, हे तर वैद्यही म्हणत आले: कुणाला दुधानं जुलाब होतो, कुणाला एरंडेलही पुरत नाही.

चूर्ण. रात्रीच्या बहुतेक चूर्णांत सोनामुखी असते. डबीवर वाचा. ती काही राक्षस नाही, “आतडं कायमचं आळशी होतं” ही भीती वाटते तितकी खरी ठरलेली नाही. पण सोनामुखी आतड्याला टोचून पळवते. मल मऊ करून पाणी धरून ठेवणारी औषधं वेगळी असतात, इसबगोल त्यातलाच, आणि रोजच्यासाठी डॉक्टर साधारण त्यांनी सुरुवात करतात. इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घ्यायचा आणि हळूहळू वाढवायचा. एकदम दोन मोठे चमचे घेतलेत तर पोट फुगेल आणि दोष त्याला द्याल. आतडं खरंच मंद निघालं तर नुसत्या कोंड्यानं फुगाराच वाढतो, मग औषध बदलावं लागतं. चूर्ण स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका, बदल डॉक्टरांबरोबर ठरवा.

तपासणी करायचीच ठरली, तर जुलाबाची सगळी औषधं ते सांगतील तितके दिवस आधीपासून फोटोपर्यंत बंद. माझ्या एका रुग्णबाईंचा निकाल उत्तम आला होता, आम्ही दोघी खूश. दोन महिन्यांनी सहज बोलता बोलता म्हणाल्या, “चूर्ण तेवढं घेत होते हं, ते काही औषध नव्हे.” सगळं पुन्हा केलं. पाच दिवस फारच त्रास झाला तर काय घ्यायचं ते आधीच विचारून ठेवा, आणि काही घेतलंत तर लिहून ठेवा. जेवण मात्र नेहमीचंच. तपासणी आहे म्हणून आठवडाभर पपई आणि कोशिंबीर खाल्लीत तर मोजमाप तुमचं होणार नाही, पपईचं होईल.

त्याआधी दोन साध्या गोष्टी तपासून घ्या. रक्तातलं थायरॉइड, साखर आणि कॅल्शियम. आणि तुमच्या गोळ्या: लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, काही अ‍ॅसिडिटीची औषधं, रक्तदाबाची आणि झोपेची-मनाची काही औषधं पोट बांधतात. तुम्ही लोहाची गोळी घेता असं लिहिलंय, पण कधीपासून आणि कशासाठी ते नाही.

आणि एक गैरसमज, तुमच्या यजमानांनी मोजून काय करायचंय असं विचारलं म्हणून: कड्यांची तपासणी फक्त वेग सांगते. जखम, गाठ, कर्करोग तिच्यात दिसत नाही, ती दुर्बिणीची जागा घेत नाही. शौचातून रक्त, कारण नसताना वजन घटणं, रक्त कमी होण्याचं कारण न सापडणं, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग, किंवा इतकी वर्षं एक सवय असताना अचानक बदल, यातलं काहीही असेल तर कड्या, मका, वही सगळं बाजूला ठेवून आधी पोटविकारतज्ज्ञांकडे जा. लोहाची गोळी कशासाठी सुरू झाली हे मी त्यासाठीच विचारतेय. पाळी जास्त जाते म्हणून की नुसतंच रक्त कमी निघालं म्हणून, एवढं शोधा.

तेव्हा: वही आजपासून. सकाळची दहा मिनिटं सोमवारपासून. बोटाची तपासणी या महिन्यात. दार ठीक निघालं आणि तरी सुधारणा नसेल, तर चोवीस कड्या खुशाल गिळा, तेव्हा त्यांच्या उत्तरावरून पुढचं औषध खरंच ठरेल. तुमच्या डॉक्टरांना हा क्रम विचारून पहा. ते रागावणार नाहीत, रागावलेच तर पत्र दाखवा.

आणि शाळेत मुख्याध्यापकांना एक अर्ज द्या. तुमच्यासारख्या तिथे आणखी पाच-सहा जणी असतील, शिवाय सातवी-आठवीच्या मुली. सगळ्यांच्या सह्या घ्या. हार्डवेअरच्या दुकानात कडी मिळते, चार स्क्रू लागतात, शिपाईमामा अर्ध्या तासात बसवतील. पुढच्या पत्रात मला दोन गोष्टी कळवा: तपासताना डॉक्टरांना काय आढळलं, आणि कडी बसली का.